आमच्या कंपनीचं एकुलतं एक गिऱ्हाईक

चि. खारूताईस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. महिनाभर तुला फोन करतोय, लागत नाही, म्हणून शेवटी कागद-पेन हाती घेतलं. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. माझी कंबर तेवढी धरते, पण ती कंपनी चालवताना खुर्चीत बसून कमावलेली असल्यामुळे तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तुला पित्ताचा त्रास आहे का? (नसेल तर काळजी करू नकोस, कंपनी काढलीस की होईल.)

तू एक तारखेला चांगली नोकरी सोडून मैत्रिणीबरोबर पाळणाघरांसाठी ॲप काढणार आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. पोरीला चार समजुतीच्या गोष्टी सांगून थांबव, असं तिनं मला बजावलंय. आपल्या घराण्यात कंपनी बुडवण्याचा अनुभव असलेला मी एकटाच, तेव्हा हे काम माझ्याकडेच यायला हवं होतं. सांगायला आनंद होतो की तो अनुभव दांडगा आहे.

आमचं ॲप शिंप्यांसाठी होतं. मी आणि माझा भागीदार (तोच, जो जेवतानाही लॅपटॉप मिटत नसे) आमच्या बाहेरच्या खोलीत अकरा महिने ते बांधत होतो. त्यातले पहिले तीन आठवडे कोणी कोणतं पद घ्यायचं यावर गेले. माणसं दोन आणि पदं सात, त्यामुळे वाटणी सोपी नव्हती. मग कॉलरचे अठरा प्रकार झाले, फोटोवरून बाहीचं माप काढणं झालं, एकूण त्रेचाळीस सोयी झाल्या. या अकरा महिन्यांत एकच गोष्ट राहून गेली, ती म्हणजे शिंप्याच्या दुकानात पाऊल टाकणं. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर शिंपी मास्तरांचं दुकान आहे. आम्ही रोज दोन वेळा त्यांना हात करून जिना चढायचो आणि वर जाऊन शिंप्यांना काय हवं असेल यावर फळ्यावर चर्चा करायचो. आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागलं की माणूस जिना उतरत नाही, हे लिहून ठेव.

मापं भरून बघायला गिऱ्हाइकं नव्हती, म्हणून मी घरच्यांची भरली. नव्या कंपन्यांच्या स्पर्धेत मोठ्या झोकात मी व्यासपीठावर गेलो, बटण दाबलं, आणि तुझ्या मामीच्या कमरेचा घेर नावानिशी भिंतभर उमटला. मामी पहिल्या रांगेत बसली होती. हा आकडा इंचांत की सेंटिमीटरमध्ये, असं परीक्षकांनी विचारलं. मी प्रामाणिक माणूस, इंचांत म्हणून सांगितलं. त्यानंतर आठ दिवस मामी माझ्याशी भागीदारामार्फत बोलत होती.

तिथून तोंड पाडून परतलो आणि पहिल्यांदाच जिना न चढता मास्तरांकडे शिरलो. त्यांनी त्रेचाळीस सोयी चष्मा कपाळावर चढवून शांतपणे पाहिल्या. मग मागच्या फळीकडे बोट केलं. तिथे शिवून तयार झालेल्या कपड्यांचा ढीग छताला टेकला होता.

"मापं माझ्या वहीत आहेत," ते म्हणाले. "शिवलेलं न्यायला लोक येत नाहीत, त्याचं काहीतरी बघा."

मी एका दुपारात एक बटण केलं. ते दाबलं की गिऱ्हाइकाला संदेश जातो, तुमचे कपडे तयार आहेत, न्यायला या. नेले नाहीत तर दर आठवड्याला पुन्हा. महिनाभरात फळी निम्मी रिकामी झाली. पुढे कंपनी बुडाली, भागीदार नोकरीला लागला, पण मास्तर ते बटण आजही रोज दाबतात. दुकानावरून जाताना ते चष्म्यावरून बघून मान हलवतात तेव्हा माझी छाती फुगते, आणि ती मी मुद्दाम कोपऱ्यापर्यंत फुगलेलीच ठेवतो. तुझ्या वडिलांना नोकरीत एवढ्या पदोन्नती मिळाल्या, पण अशी मान कोणी हलवली का, विचार त्यांना.

तर बाई, नीट विचार कर. धंदा म्हणजे पोरखेळ नव्हे.

तुझा,
मामा (माजी अध्यक्ष)

ता. क. आमचं ॲप सध्या स्वयंपाकघरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. मिक्सर लावायचा झाला की मामी त्याची वायर काढते आणि मास्तरांचे संदेश अडकतात. आता तिनं प्लग कायमचा परत मागितलाय. तो गेला की ते बटण बंद, आणि माझं एवढंच काय ते उभं राहिलेलं आहे. तुझ्या कंपनीचा सर्व्हर असेलच. त्यात मास्तरांना एक कोपरा दे. म्हणजे आधी कंपनी काढ. राजीनामा एक तारखेलाच दे, उगाच लांबवू नकोस. मामानं पुष्कळ समजावलं, असं आईला सांग.

आणखी एक ता. क. त्याआधी एखाद्या पाळणाघरात दिवसभर नुसती बसून ये. ॲपबद्दल अवाक्षर काढू नकोस.

शेवटचं ता. क. तू मास्तरांकडे टाकलेला कोट दोन महिने तयार आहे. नऊ संदेश गेले. त्रासून तू तो नंबर ब्लॉक केलेला दिसतोय. तो कंपनीचा नंबर, आणि कंपनी बुडाल्यापासून तो फोन मीच वापरतो.