डावी चिमटी

ग्रोनिंगेन, ३ मार्च १९९८

ती. हिस्केताईस धाकट्या डाउवेचा सा. न. वि. वि.

तुझ्या कन्येविरुद्ध गंभीर तक्रार आहे. माझ्याकडे राहायला आल्यापासून निंके चीज मधूनच खरवडते. गोळ्याची घसरगुंडी झाली आहे. वीस वर्षं विद्यापीठात संस्कृत शिकवतोय, पण असा पदच्छेद पाहिला नव्हता. हटकलं तर म्हणाली, मामा, आजारी माणसाला एवढी सूट असतेच.

बाकी शस्त्रक्रिया पार पडली. सोमवारी तिच्या जांघेतल्या कर्करोगाच्या गाठींवर किरणं सुरू होतील. पुढेमागे मूल व्हावं म्हणून दोन्ही अंडाशय किरणांच्या वाटेतून उचलून वर, बरगड्यांकडे, शिवून ठेवले आहेत. खूण म्हणून प्रत्येकावर धातूची चिमटी. निंके म्हणते, पाहुणे माळ्यावर झोपवलेत. तुझ्या मेंढ्या विऊ देत. घाई करू नकोस.

लोभ आहेच, सोबत चीजही यावं.
डाउवे

टर्सखेलिंग, ७ मार्च

चि. डाउवेस अ. उ. आ.

पंडितजी, चीज पाठवते. अक्कल टपालाने जात नाही. सतरा कोकरं झाली, तीन गेली.

काल फोनवर निंके नुसती कोकरांचीच चौकशी करत होती. तुला बोलाव म्हटलं, तर मामा आंघोळीला गेलाय म्हणे. दुपारी तीनला? आपल्या घरात सगळं ठीक असलं की माणसं कुरकुरतात. निंके गोड बोलायला लागलीय आणि तू फोनवर येत नाहीस. काय झालंय ते लिही.

माया आहे तेवढीच आहे, धीर मात्र उरला नाही.
हिस्के

ग्रोनिंगेन, १० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

खरं लिहितो. गुरुवारी किरणांच्या आखणीसाठी एक्स-रे काढले. डावी चिमटी चार बोटं खाली उतरली होती, टाका सुटला. उजव्या अंडाशयाला रक्त पुरत नाही, हेही तेव्हाच कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक तर ठरल्या दिवशी किरणं सुरू करा आणि मुलांची आशा सोडा, नाहीतर पुन्हा शस्त्रक्रिया करा, म्हणजे किरणं दोन आठवडे लांबतील. आजार वेगाने वाढतोय, हेही त्यांनी लपवलं नाही.

निंकेने मला विचारलं, मामा, तू काय केलं असतंस? आयुष्यभर दोन-दोन अर्थ सांगून सुटत आलो. या वेळी एकच सांगितला. थांब, आधी शस्त्रक्रिया कर, म्हणालो. तिने लगेच सही केली, आणि आईला कळवायचं नाही असं बजावलं. मी ऐकलं.

काल टाके पुन्हा घातले. आज सकाळी मी भेटायला गेलो तेव्हा तिने माझा हात धरून आपल्या मानेवरच्या टणक गाठीवर ठेवला आणि विचारलं, मामा, हे काल होतं का रे?

नव्हतं.

पहिल्या बोटीने ये. तुला नातवंड मिळावं म्हणून मी तुझी मुलगी घालवून बसलो नाही ना, याची मला फार भीती वाटते.

तुझा डाउवे