हळद लावलेली माती

सांगली
९ डिसेंबर १९७६

तीर्थरूप दादा आणि बनुवहिनी,

दोघांना शालूचा नमस्कार. मी मजेत आहे, कॉलेज सुरळीत चाललंय, थंडीही यंदा बरी पडलीये. वहिनी, तुमच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दुसऱ्याच दिवशी रिकामा झाला. कुणी संपवला ते पुढे सांगते.

दादा, मळ्यातली माती पोचली. कशाला हवी म्हणून तुम्ही विचारलं होतंत. जंतूच्या अंगात आरएनए नावाचे बारीक धागे असतात. ते दुमडतात त्या घडीत एखादं औषध जाऊन बसलं की जंतूची वाढ थांबते. ती घडी कशी असते हे शोधणं माझं काम. अशी औषधं मातीतले काही सूक्ष्मजीव बनवतात, म्हणून माती.

तर मातीचा अर्क काढला आणि बशीतले जंतू पटापट मेले. मी अख्ख्या खात्याला पेढे वाटले. आमचे जीवशास्त्राचे ज्योतिबा सर पेढा हातात धरून त्या पिवळ्या अर्काकडे बघत राहिले. म्हणाले, "आवं मॅडम, ही तर हळद हाय."

वहिनी, शेतातली माती घराबाहेर द्यायची म्हणून तुम्ही तिला हळद-कुंकू वाहिलंत ना? आणि सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत राहून मला ती ओळखता आली नाही. सर पोट धरून हसले. दुसरं कुणी हसलं असतं तर मी महिनाभर अबोला धरला असता, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. यांच्याबरोबर मीही हसत सुटले.

मग त्यांनीच पुडीच्या तळाची कोरी माती निवडून तिच्यातले सूक्ष्मजीव वाढवले. त्यातल्या एकाचा रस खरंच त्या घडीत जाऊन बसतोय. औषध नवं की जुनंच, ते अजून कळायचंय. पण हल्ली मी वर्गात शिकवतानाही उगाच हसते. मुलींच्या ते लक्षात आलंय.

चटणी ज्योतिबांनी संपवली. ते आटपाडीकडचे, धनगराघरचे, घरी अजून मेंढरं आहेत. दादा, आम्ही लग्न करायचं ठरवलंय. आपल्या घरात असं आजवर झालेलं नाही. कराडचं स्थळ तुम्ही किती हौसेनं आणलंत, तेही मी विसरलेली नाही. पण मला हाच माणूस हवा आहे.

पुढच्या रविवारी आणखी माती न्यायला आम्ही दोघं येतोय. ते घाबरलेत. "दादा फौजेतलं, लय तापलं तर?" असं विचारतात. मी सांगितलं, दादांचा राग चहा येईपर्यंतच टिकतो. तेव्हा नेहमीसारखे कोरेगावच्या स्टँडवर घ्यायला या. नाही आलात तरी आम्ही चालत घरी येऊ.

आजवर प्रत्येक गोष्टीत तुमची परवानगी मागितलेली, यावेळी मात्र फक्त आशीर्वाद मागणारी,

तुमची धाकटी
शालू