दादाने गिळलेलं

४ जून

पोहोचले एकदाची! खोली काडेपेटीएवढी आहे, पण खिडकी चांगली ऐसपैस. सकाळचं ऊन थेट उशीवर येतं. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहतात. त्यांना काकू म्हणायचं, हे त्यांनीच ठरवून टाकलं. जिना चढेपर्यंत माझं वय, वजन आणि लग्न, तिन्ही विचारून झालं होतं.

कामाची जागाही पाहून आले. दातांच्या कवळ्या बनवण्याचं छोटंसं वर्कशॉप, आणि त्याच्या खाली दातांचा दवाखाना. आमचे मालक साठीचे, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते. म्हणाले, तोंडं सांभाळणं सोपं, तोंडामागची माणसं सांभाळणं कठीण, म्हणून आपण वरच्या मजल्यावर बसायचं. मी हसले, अगदी मोठ्याने. दादा असता तर लगेच फोन करून सांगितलं असतं.

८ जून

काम हाताला बसतंय. दवाखान्यातून डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडाची मापं पाठवतात. रबरासारख्या गुलाबी मसाल्यात उमटलेले हिरड्यांचे ठसे. त्यात मी प्लास्टर ओतते, ते सुकलं की साचा अलगद सोडवते, आणि त्यावर मेणाची कवळी बसवायची. पहिले दोन दिवस मापांवरची लाळ, कुणाच्या जेवणाचा अडकलेला कण बघून कसंतरी व्हायचं. मास्तर म्हणाले, किळस ही मोठी शहाणी बाई आहे, तिचं ऐकावं, पण तिला घर चालवायला देऊ नये.

आमच्या घरात किळस करायला बंदी होती. मास्तरांना हे सांगितलं नाही.

११ जून

आज मास्तरांनी विचारलं, भावंडं किती? म्हटलं, एक भाऊ होता, फेब्रुवारीत गेला. कशाने, असं त्यांनी विचारलं नाही. बरं वाटलं. नातेवाईक सगळ्यांना हार्ट सांगतात. दादाने आत्महत्या केली. इथे तरी स्वच्छ लिहिते.

आणि हेही लिहिते. आईबाबा अपघातात गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते, दादा दहाचा. मामाने आम्हाला नेलं. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, लग्न न केलेला. दोन पोरकी पोरं पदरात घेतली म्हणून अख्खी गल्ली त्याला देवमाणूस म्हणायची. त्या देवमाणसाच्या घरात ताटात टाकलेलं फेकत नसत. तेच ताट दुसऱ्या दिवशी समोर यायचं, मग तिसऱ्या दिवशी. वर बुरशीची लव, बाजूला पाणी सुटलेलं. नासलेलं दूध, त्यावर जाड पिवळी साय. मी ओकले की मामा शांतपणे म्हणायचा, तेही तुझंच आहे. खा.

मग दादा माझं ताट स्वतःकडे ओढायचा. सगळं. ओकलेलंसुद्धा. डोळे मिटून गिळायचा, बाहीने तोंड पुसायचा आणि मला म्हणायचा, "झालं बघ." मामा हसायचा. त्याला उकिरडा म्हणायचा. एकदा दादाने तोंड उघडलं नाही, तेव्हा मामाने स्टीलचा चमचा असा घुसवला की त्याचा पुढचा दात तिरका तुटला.

मोठा झाल्यावर दादा चांगल्या नोकरीला होता, पण जेवायचा नाही. चहा-बिस्किटावर दिवस काढायचा. डॉक्टर झाले, औषधं झाली. कधी सहा महिने बरे जायचे, मग पुन्हा तेच. शेवटच्या फोनवर म्हणाला, "तोंडातली चव जात नाही गं." मी म्हटलं, मी येते. तिकीट काढलं होतं.

१५ जून

सकाळी जाग आली ती तोंडात काहीतरी असल्यामुळे. गालात दडवलेला घास असतो तसं. थुंकून पाहिलं. राखाडी, मऊ, चावलेलं. वास आंबट. मी काल फक्त पाव आणि सफरचंद खाल्लं होतं.

तीनदा दात घासले. घासताना हिरडीतून रक्त आलं तेव्हा थांबले. झोपेत उलटी झाली असेल.

१७ जून

पुन्हा. आज त्यात साय होती. ती साय मी ओळखते. जिभेला चिकटते आणि गिळता गिळता घशात उलगडते.

मास्तर म्हणाले, चेहरा उतरलाय, घरी जा. मी गेले नाही. खोलीपेक्षा प्लास्टरचा वास बरा.

१८ जून

कामावरून आले तर काकूंच्या स्वयंपाकघरात मामा बसला होता.

दुपारच्या गाडीने आला म्हणे, पत्ता मावशीकडून मिळाला. तोंडात एकही दात उरला नाहीये. गाल आत ओढलेले, ओठ सतत ओले, बोलताना हिरड्या एकमेकींवर चपचप वाजतात. माझा हात धरून तो रडला. भाच्याने काळीज तोडलं, हार्टने गेलं पोर, आता तूच माझी म्हातारपणाची काठी. हाताला त्याची लाळ लागली. काकूंचे डोळे भरून आले होते. त्यांनी खालची मागची खोली त्याला देऊनही टाकली.

मी तिथेच सांगितलं. हार्ट नाही. दादाने जीव दिला, आणि या माणसाने आम्हाला काय खाऊ घातलं ते विचारा. सगळं सांगितलं, दुधापर्यंत. मध्ये थांबले नाही.

काकू म्हणाल्या, मोठ्यांनी शिस्त लावायचीच असते, गेलेल्याच्या नावाने असं बोलू नये. मामा मान खाली घालून म्हणाला, लहानपणापासून जरा हळवीच आहे हो ही.

बेसिनवर जाऊन ओकले.

२० जून

काकूंनी परस्पर मामाला दवाखान्यात नेलं. त्याच्या तोंडाचं माप आज माझ्या टेबलावर आलं. मास्तरांना वाटलं, घरचं माणूस आहे तर मीच करावं. मला नाही म्हणता आलं नाही. प्लास्टर ओतलं. सुकल्यावर सोडवलं.

साच्याला दात होते.

बिनदाताच्या माणसाचं माप, मी स्वतः पाहिलेलं, नुसत्या हिरड्या. आणि साच्यात लहान मुलाचे दात. वरच्या ओळीतला पुढचा तिरका तुटलेला.

मी फोडला तो. मास्तर म्हणाले, मापांची अदलाबदल झाली असेल. नवीन माप मागवून त्यांनी स्वतः ओतलं. पुन्हा तेच. मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, साचा पाहिला, आणि विचारलं की हा मुलगा कोण?

या वेळी साच्याचं तोंड थोडं जास्त उघडं होतं.

२१ जून

आज माझ्या तोंडात काही नव्हतं. कितीतरी दिवसांनी स्वच्छ सकाळ.

खाली मामा ओरडत होता. काकू सांगत होत्या की ताट संपतच नाही. भाजी-भात वाढला, तो जेवला, आणि ताट पुन्हा भरलेलं. आधी त्यांना गंमत वाटली. मग वास यायला लागला.

मी दारातून पाहिलं. ताटात जे होतं ते काकूंनी वाढलेलं नव्हतं. राखाडी, लव आलेलं, बाजूने पाणी सुटलेलं. मामा ते हिरड्यांनी चघळत होता, हनुवटीवरून ओघळत होतं, आणि त्याचा हात थांबत नव्हता. मला बघून त्याने ताट माझ्याकडे सरकवलं. म्हणाला, तू खा गं थोडं. वाटून घेऊ.

वाटून घेऊ!

मी वर आले. दादाने गिळलेलं सगळं परत येतंय. इतकी वर्षं त्याने पोटात ठेवलं, आता—

मला आनंद व्हायला हवा होता. होत नाही. नुसती मळमळ. मामाची, त्या ताटाची, आणि दादाचीही. देवा, त्याचीही.

२२ जून

मामा गेला. पोट एवढं फुगलं होतं की—

डॉक्टर आले, गेले. काकू सगळ्यांना फोनवर सांगतायत, हार्ट.

मास्तर आले होते. त्यांच्याकडे चल म्हणाले, बायको वाट बघतेय. येते म्हटलं. बॅग भरतेय.

२२ जून, दुपार

खाली मामाच्या गल्लीतली माणसं जमलीयत. मावशी आणि तिच्याकडचेही आलेत, ज्यांना तेव्हा सगळं माहीत होतं. मागच्या दारातून वास यायचा त्यांना. जिन्यातून ऐकू येतं. देवमाणूस होता. पोरकी पोरं वाढवली. पोटाला कधी कमी पडू दिलं नाही.

पोटाला कधी—

बॅगेची चेन लागत नाहीये. हात चिकट झालेत. कशाने?

खाली एकदम शांत झालंय.

आता ताटांचा आवाज. कुणी ताटं मांडली? एवढ्या माणसांना—

चमचे. सगळे एकदम. चपचप, चपचप, थांबत नाही. मावशी म्हणतेय, नको, पुरे. काकू काहीतरी ओरडतायत, पण तोंड भरलेलं आहे, शब्द—

वास इथपर्यंत आला. उशीलासुद्धा—

दादा, पुरे. ऐकतोस ना? मी सांगितलं त्यांना, मोठ्याने सांगितलं. आता तू कुणासाठी काही गिळू नकोस, कुणाला भरवू नकोस. बस कर रे—

थांबलं.

जिन्यावर पावलं. हलकी. शाळेतून पळत यायचा तशी.

दाराबाहेर उभा आहे. बाहीने तोंड पुसल्याचा आवाज. म्हणतोय, झालं बघ.

घाण येतेय. इतकी की डोळ्यांतून पाणी— ओकारी दाबून लिहितेय. उघडू नये, कळतंय मला. मास्तर येतील, खिडकीतून हाक मारता येईल—

पण तो वाट बघतोय. एकटाच उभा आहे तिथे, आणि काही झालं तरी तो माझा दा