राउटरची पिशवी

२ जून २००७, शनिवार
ब्रॉडबँड आलं. शौनकने पुण्याहून येऊन राउटर बसवला आणि दुपारच्या एसटीने परत गेला. जाताना बजावलं : बाबा, नेट अडकलं तर बंद करून चालू करा, आणि याला मोकळी हवा लागते. पोराला पुण्याचं पाणी लागलं. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत भिंतीतला खिळा गंजतो. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट, फोन, घड्याळ, सगळं प्लॅस्टिकमध्ये आहे आणि सगळं ठणठणीत आहे. वासंतीच्या साडीची जाड पिशवी घेतली. आत राउटर, सोबत डांबरगोळ्या, वरून रबरबँड. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, यंत्र कसं जपायचं ते मला कोणी शिकवू नये.

८ जून, शुक्रवार
शेजारची सईदा आली. नवरा अली कुवेतला, शुक्रवारी सुट्टी. मुलगी तूबा पाच महिन्यांची झाली, अलीने नुसती फोटोत पाहिलीय. मीच म्हटलं होतं, आमच्याकडे ये, कॉम्प्युटरवर हलती-बोलती दाखवू.
तूबाला मांडीवर घेऊन कॅमेऱ्यासमोर बसलो. स्पीकरमधून अलीचा आवाज छान आला, तूबा, ए तूबा. पोर टकामका स्पीकरकडे बघायला लागली. अलीला तिकडे टोपरं दिसलं आणि चित्र अडकलं. राउटर बंद, चालू. कपाळ दिसलं. परत अडकलं. बंद, चालू. शेवटी अलीला सांगितलं, दोष तिकडचाच आहे. इकडे मी आहे ना.

१५ जून, शुक्रवार
मी तसं म्हटलं म्हणून अली आज दुसऱ्या सायबर कॅफेत गेला. बराच लांब, चालत. कुवेतचं जूनचं ऊन कसं असतं ते सईदा सांगत होती. मी विषय बदलला. आजही टोपरंच.
वासंती म्हणाली, पिशवीला हात लावून बघा, तवा झालाय नुसता, काढा ती आधी. तिला समजावलं, काम करणारी वस्तू तापतेच. मी नाही का तापत? म्हणाली, तापता, पण काम कुठे करता?
अलीचं वाईट वाटलं. रात्री जेवण गेलं नाही. (बांगडा गेला. भात गेला नाही.)

१९ जून, मंगळवार
टेलिफोनवाल्यांकडे कडक तक्रार केली होती. आज लाइनमन आला. पाहुणा यायचा म्हणून राउटर पिशवीतून काढला, पुसला, टेबलावर मांडला. तो असेपर्यंत नेट एकदाही अडकलं नाही. लाइन उत्तम आहे म्हणाला, चहा प्यायला, गेला. राउटर परत पिशवीत घातला. थोड्या वेळात बंद.
सरकारी माणूस समोर असला की लाइन नीट वागते. साहेब आले की आमच्या खात्यातही असंच व्हायचं.

२२ जून, शुक्रवार
अली आला, तूबा म्हणाला, गेला. मी बंद-चालू करत होतो. सईदा हळूच म्हणाली, राहू दे काका. तेच बंद करत असतील. कंटाळा आला असेल त्यांना आमचा.
असं नाही गं, म्हणायला हवं होतं. पण दोष तिकडचा आहे हे पहिल्या दिवसापासून मीच तिच्या कानीकपाळी ओरडतोय. राउटर परत बंद-चालू केला. फार अपराधी वाटतंय, का ते कळत नाही. संकल्प : सोमवारपर्यंत छडा लावणार.

२५ जून, सोमवार
वासंती देवळात गेली तेव्हा पिशवी काढून बघितली. केवळ शास्त्रीय प्रयोग म्हणून. नेट झकास. पिशवी घातली. गेलं. काढली. आलं.
योगायोग असू शकतो.
नसावा.
सईदाला सांगायला गेलो. ती अंगणात उभी राहून फोनवर अलीशी भांडत होती, डोळे लाल. माझ्याकडे बघून काय काका म्हणाली. मी म्हटलं, ऊन पडलंय, कपडे वाळत घाल. आणि परत आलो.
नवा बेत : शुक्रवारी राउटर उघडा ठेवायचा. अलीला पोर डोळे भरून दिसेल, भांडण मिटेल, पिशवीचा विषयच निघणार नाही. श्रेय घेणार नाही. फारतर थोडं.

२९ जून, शुक्रवार
राउटर उघडा. नेट सुसाट. सईदा आलीच नाही, म्हणून मी गेलो. तिने अलीशी बोलणं टाकलंय. त्याने घाबरून ईदची रजा आत्ताच घेतली, पुढच्या आठवड्यात येतोय. म्हणजे ईदला नाही.
मी म्हटलं, अरे वा. घरी येऊन राउटर बंद करून चालू केला. काही बिघडलं नव्हतं.

८ जुलै, रविवार
अली आला. संध्याकाळी तिघंही आमच्याकडे आले. तूबा त्याच्याकडे जातच नाही, भोकाड पसरते. माझ्या मांडीवर मात्र गपगार. अली तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, तूबा, ए तूबा.
पोरीने मान वळवली. स्पीकरकडे.
त्याने पुन्हा हाक मारली. पुन्हा तिकडेच. शेजारी बाप बसलाय आणि ही खोक्याकडे बघून हसतेय. सईदाही हसली, मग ओढणी तोंडाला लावली.
मला ते बघवेना. कॉम्प्युटर बंद करायला उठलो. तो बंदच होता.

२१ जुलै, शनिवार
आज अली निघणार, त्याआधी सगळं सांगून टाकायचंच. आंघोळ करताना वाक्य पाठ केलं.
अली निरोपाला आला. तूबा आता त्याच्या कडेवर बसते, आणि हा चालला. वर मलाच म्हणतो, काका, तुम्ही आमच्यासाठी किती खटपट केलीत. मी घसा साफ केला.
तेवढ्यात वासंतीने त्याच्या हातात आमसुलं दिली. साडीच्या जाड पिशवीत. धुतलेली होती, पण तीच. रबरबँडसुद्धा तोच. आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.
मी म्हटलं, अली, ही पिशवी आहे ना...
तो म्हणाला, हो काका, मजबूत आहे. हिच्यात हवा जरासुद्धा जायची नाही.
मी म्हटलं, नाही जात.