जादा सामानाची यादी

सोमवार, ३

आलो एकदाचा. चार वर्षं बॉयलर कंपनीच्या ऑफिसात बसून गिऱ्हाइकांच्या बॉयलरच्या ऑर्डरी तपासल्या, आता प्रत्यक्ष कारखाना. खोली ऐसपैस आहे, खिडकीतून धुराडं दिसतं. इथे कापड रंगवतात. बॉयलर दोन, दोघांची वाफ पुढे एकाच पाइपात जाते. दोन नंबर अपघातानंतर वर्षभर बंद आहे, आत सफाईला उतरलेला माणूस भाजून गेला. अहवाल लिहायचा आणि तो पुन्हा सुरू करून द्यायचा, एवढंच माझं काम. आठवड्याभरात हातावेगळं करतो. एक नंबरची भट्टी सांभाळणारा म्हातारा फायरमन मोठा गोड माणूस आहे. मी त्यांना काका म्हणतो, ते मला साहेब. माझी खुर्ची त्यांनी आधीच पुसून ठेवली होती.

मंगळवार, ४

काकांनी सगळं हिंडून दाखवलं. दोन नंबरच्या वाटेवर नुसता एक स्टॉप व्हॉल्व्ह, चाक फिरवून उघडायचा. तो कुणी फिरवला किंवा जरा गळला, की शेजारची वाफ उलटी आत. इथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा होता, वाफेला मागे फिरू न देणारा. काका म्हणाले, त्यांच्या मुलानं तो मागितला होता, पण ऑफिसातून त्यावर काट बसून आली. मग सहज सांगावं तसं म्हणाले की आत गेला तो तोच. चहा त्यांनीच पाजला.

बुधवार, ५

या कारखान्याच्या ऑर्डरची जुनी फाइल काढली. जादा सामानाची यादी: शिट्टी, दुसरं प्रेशर गेज, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पुढे शेरा, ‘ऐच्छिक’. तिन्हींवर लाल काट. खाली सही माझी.

मला आठवतसुद्धा नाही. अशा शेकडो याद्या मी झटक्यात उडवल्या. व्हॉल्व्ह यायला दीड महिना लागायचा, आणि माल वेळेवर गेला की वरचे साहेब पाठ थोपटायचे. ऐच्छिक म्हणजे नसलं तरी चालतं, हे मी नव्या लोकांना हसत हसत शिकवायचो. पान फाडलं आणि एक नंबरच्या भट्टीत टाकलं.

गुरुवार, ६

काकांनी विचारलं, काट कोणी मारली ते सापडलं का. नाही म्हणालो. अहवालात लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा, व्हॉल्व्ह नीट बंद केला नव्हता. गेलेल्या माणसाचं काय बिघडतं, माझी नोकरी तरी वाचते. जेवणाच्या सुट्टीत दोन नंबरमधून ठोके आले. वर्षभर थंड पडलेला बॉयलर. काका म्हणाले, पोरानं अहवाल वाचलेला दिसतोय.

शुक्रवार, ७

पान टेबलावर होतं. ओलं. हाताला चटका बसेल इतकं गरम. मी स्वतः जाळलं होतं ते.

काकांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणालो. ते म्हणाले, वर्षभर पोराला मीच धरून ठेवलं होतं, आता सोडतो. रागावले असते तर बरं झालं असतं. मला त्यांची भीती वाटते.

शनिवार, ८

भर दुपारी खोलीच्या भिंतींना घाम. उशीवर ओल्या हाताचा ठसा, आणि त्यात कातडीचा—

काकांनी तिसऱ्यांदा विचारलं. खरं सांगणार होतो. तोंडातून ‘नाही’च आलं.

सोमवार, १०

दोन नंबरच्या आत आहे. आत उतरून पाहणी केल्याशिवाय कारखाना अहवाल घेत नाही. स्टॉप व्हॉल्व्ह बंद करून त्याचं चाक काढून सोबत आणलंय, म्हणजे बाहेरून कोणाला उघडता येणार नाही. तसं करायला काकांनीच सांगितलं. आपण हात लावणार नाही म्हणाले. गरजच पडणार नाही म्हणाले.

उजेड गेला. मॅनहोलच्या तोंडावर कोणीतरी बसलंय, पाय आत सोडून. पायांची कातडी मोज्यासारखी खाली—

ओरडलो. काका बाहेरून शांतपणे म्हणाले, आता तरी लिहा, साहेब.

चाक माझ्या मांडीवर आहे. ते फिरतंय. पाइपात आवाज—

लिहितो. खरं लिहितो. त्याची चूक नव्हती. त्यानं मागितला होता. यादीतला तो व्हॉल्व्ह मीच का