पाणी गोडं झालं

हडपसर, मंगळवार संध्याकाळ

आईचा कोकणातून फोन आला. "खाडीचं पाणी गोडं झालंय गं." स्पीकर चालू होता. हे लगेच म्हणाले, "अरे वा, अभिनंदन!" आई "होय, होय" म्हणाली आणि फोन ठेवला.

टँकरवर जगणाऱ्या आमच्या सोसायटीत गोडं पाणी म्हणजे सणच. आई खाडीत दोरांवर कालवं वाढवते, त्यांना मात्र खारंच लागतं. पावसाचं पाणी खाडीत साचून राहिलं की ती शिंपले घट्ट मिटून घेतात. उघडली की समजायचं, मेली.

गोडं झालंय! आणि मी कालवांचं विचारलंही नाही!

परत फोन लावला. दोरांवरची सगळी उघडलीत. आई एवढंच म्हणाली, "जावयांना सांगू नकोस हो. बिचाऱ्यांना वाईट वाटेल."