जाड टायरच्या इलेक्ट्रिक बाइकचे फायदे-तोटे

३ मार्च, सोमवार
समोरच्या चष्म्याच्या दुकानापुढे आज जाड टायरची इलेक्ट्रिक बाइक उभी होती. टायर चार इंच रुंद. मामाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो म्हटल्यावर अशा वस्तूचा तटस्थ अभ्यास करणं माझं कर्तव्यच आहे. उद्यापासून फायदे-तोटे लिहिणार. बाइक ब्लड टेस्टच्या लॅबमधल्या एका लंबूची. चष्म्याचा स्क्रू बसवायला आला होता. स्क्रूला चाळीस मिनिटं लागत नाहीत. काउंटरवर ती असते. तिचा या अभ्यासाशी संबंध नाही.

४ मार्च
तोटे: वजन पस्तीस किलो. चार्जिंग संपलं की आजारी रेडा ढकलल्यासारखं. रूप त्याच रेड्याचं.
फायदे: खड्डे कळत नाहीत. (हे मामा म्हणाला. माझं मत नाही.)
लंबू पुन्हा चष्मा घेऊन हजर. स्क्रू परत ढिला म्हणे. कुठला, ते मी मनात म्हटलं.

६ मार्च
ती सायकलच्या चेनला तेल घालायला आली. मागच्याच आठवड्यात घातलं होतं. यातून काय ते समजावं.
तिला सगळे तोटे सांगितले. तोंडपाठ. कॉलेज मधेच सोडलं म्हणून अभ्यास सोडलाय असं नाही. म्हणाली, तुला किती माहिती आहे रे. मग विचारलं, मागे बसणाऱ्याला त्रास होतो का? मी म्हटलं, कंबर कामातून जाते.
‘रे’ म्हणाली. अजून एकदाही ‘दादा’ म्हटलेलं नाही. नोंद करून ठेवतो.

८ मार्च, सायंकाळी ६.१०
ती मागे बसली. लंबूच्या मागे. मी तीन स्पोक वाकडे केले, ते सरळ करायला तास गेला.
दोघांच्या मधे तिची पर्स होती. पर्स चांगली रुंद आहे. समंजस पर्स आहे.

११ मार्च
बाइक आपल्या पायाने आपल्याकडे आली. लंबूला ब्रेक पॅड बदलून हवे होते. जाताना म्हणाला, हवाही बघून ठेव.
या टायरमध्ये आम्ही पंधरा पॉइंट हवा ठेवतो. मऊ राहतो, म्हणून तर खड्डे कळत नाहीत. टायरवर कमाल तीस छापलंय. मी तीस भरली. नियमात राहून. टायर नुसता दगड.
इथून तिच्या घरापर्यंत अकरा स्पीडब्रेकर. (सहज मोजलेत.) उद्या ती स्वतःच उतरून चालायला लागेल. तिच्या कंबरेचं थोडं वाईट वाटतंय. पण प्रेमात त्याग करावा लागतो. अभ्यासात.

१२ मार्च
पहिल्या स्पीडब्रेकरवर वीतभर उडाली. समाधान वाटलं.
दुसऱ्याच्या आधी पर्स खांद्यावर अडकवली आणि दोन्ही हात लंबूच्या कंबरेला. तिसरा इथून दिसत नाही. स्टुलावर चढलो, तरी दिसला नाही.
सेफ्टीसाठी धरलं असेल. सेफ्टी महत्त्वाची.
मामा म्हणाला, खाली उतर, गिऱ्हाईक थांबलंय.

१५ मार्च, शनिवार
काही करून हवा पंधरावर आणायची ठरवलं होतं. दुपारी बाइक आली. चालवत तीच आली. लंबू मागे, चष्मा पुसत.
ती काही बोलायच्या आत मी सांगितलं, त्या दिवशी चुकून हवा जास्त झाली, कमी करून देतो. ती म्हणाली, उलट थोडी उतरल्यासारखी वाटतेय, होती तेवढीच कर. विचारलं, कंबर? म्हणाली, घट्ट धरून बसलं की काही होत नाही, दादा.
लंबू चष्मा पुसतच होता. एवढी काच कोणी पुसत नाही.
ते गेल्यावर मामा म्हणाला, दाबाचा धडा यायच्या आतच कॉलेज सोडलंस वाटतं. पंप जागेवर ठेवला.
हवा तीसच भरून दिली होती. दोन्ही चाकांत.
फायदे: या टायरची हवा सारखी बघावी लागते. दर शनिवारी येणार म्हणाली.